गुळाचा खडा आणि हंसाच्या रक्ताची चिठ्ठी



या वेळी लोणच्याची कृती नाही, की दशलक्षण पर्वातल्या पारण्याची तयारी नाही. या वेळी एका घोडीबद्दल लिहिते आहे, आणि माझ्या हातून घडलेल्या एका चुकीबद्दल. ती चूक तुमच्यापैकी कित्येकींच्या हातून दर सणाला घडत असेल, म्हणून लिहायचं.

आमच्या गावापासून सात-आठ किलोमीटरवर पांजरपोळ आहे. गाई-म्हशी पुष्कळ, आणि घोडे दोन. त्यातली हंसा पांढरीशुभ्र. तरुणपणी तिने किती नवरदेव वाहिले आणि पंचकल्याणकाच्या मिरवणुकीत किती इंद्रांना पाठीवर घेतलं, त्याची मोजदाद नाही. मालकाला पोसवेना तेव्हा सहा वर्षांपूर्वी तिला इथे सोडलं. तेव्हा दातांवरून तिचं वय सोळाच्या आसपास सांगितलं होतं. म्हणजे मागच्या वर्षी ती एकवीस वर्षांची असणार.

मागची अक्षय तृतीया. भगवान ऋषभदेवांना राजा श्रेयांसाने उसाच्या रसाचा पहिला आहार दिला तो हा दिवस. बस्तीत अभिषेक झाला, रस वाटला, आणि आमच्या महिला मंडळाने ठरवलं की मुक्या जीवांचंही तोंड गोड करायचं. गुळाच्या ढेपा, भिजवलेले हरभरे, उसाची वाढी, सगळं टेम्पोत भरून आम्ही पांजरपोळात गेलो. मी हंसाला माझ्या हाताने गूळ भरवला. एक खडा, दुसरा, तिसरा. तिने हात चाटला आणि माझे डोळे भरून आले. मोबाइलवर फोटोही काढला.

तिसऱ्या दिवशी राखणदार मामांचा फोन आला. "वहिनी, हंसा पाय टेकंना झालीया."

जाऊन पाहिलं तर ती पुढचे पाय पुढे ताणून, सगळा भार मागे टाकून उभी होती. एक पाऊल टाकायचं तर अंगाला घाम सुटत होता. नालबंदाने खुरांवर हात ठेवला आणि म्हणाला, "तापलेत." दुपारी जनावरांच्या डॉक्टर आल्या. वयाने माझ्या मुलीएवढ्या, म्हणून मी त्यांना डॉक्टरताई म्हणते. त्यांनी सांगितलं की हा लॅमिनायटिस. खुराच्या आतलं हाड ज्या थराने खुराच्या भिंतीला धरलेलं असतं, तो थर सुजतो. मग घोड्याला उभं राहणं म्हणजे उपटलेल्या नखावर उभं राहण्यासारखं. पाय बर्फाच्या पाण्यात, खाली मऊ वाळू, दुखणं कमी करायचं औषध आणि गोड सगळं बंद.

मी विचारलं, "गुळानं झालं का?"

त्या म्हणाल्या, "काकू, गूळ ही काडी. पण सुकं गवत आधीपासून रचलेलं असणार. हिच्या अंगावर हे एवढे केस वैशाखात कसे?"

आम्ही ते केस रोज पाहत होतो! फाल्गुनात बादल, म्हणजे पांजरपोळातला दुसरा घोडा, थंडीचे केस गाळून गुळगुळीत झाला होता. हंसा मात्र उन्हाळ्याच्या तडाख्यात लांब, कुरळ्या केसांची लोकर पांघरून उभी होती. आम्ही म्हणायचो, म्हातारीला थंडी वाजत असेल. पाठीचा कणा वर आला होता, पोट खाली लोंबत होतं. आम्ही म्हणायचो, खाते छान. मामा तक्रार करायचे की रात्रीत बादली रिकामी करते आणि गोठा ओला करते. आम्ही म्हणायचो, वय झालं. एकेका खुणेला आम्ही वयाचं लेबल लावून बाजूला ठेवलं होतं.

डॉक्टरताईंना संशय आला तो कुशिंगचा. हार्वे कुशिंग हे अमेरिकेतले मेंदूचे शल्यविशारद. माणसातल्या या आजाराला त्यांचं नाव आहे, आणि घोड्यातल्या मिळत्याजुळत्या आजारालाही लोक तेच नाव देतात. डॉक्टर मंडळी त्याला पीपीआयडी म्हणतात. मेंदूच्या तळाशी वाटाण्यासारखी पिट्युटरी ग्रंथी असते. तिच्या मधल्या भागाला डोपामिन नावाचं रसायन आवर घालत असतं. म्हातारपणी काही घोड्यांत हे डोपामिन पुरवणाऱ्या मज्जापेशी झिजतात, लगाम सुटतो, आणि तो भाग वाढून नको तेवढी संप्रेरकं रक्तात सोडतो. त्यातलं एक एसीटीएच. रक्तात मोजायचं ते हेच.

खरा प्रश्न इथूनच सुरू झाला. पांजरपोळाच्या बैठकीत एक ज्येष्ठ म्हणाले, "कर्माचा उदय आहे. आता सुया टोचून तिला त्रास कशाला? णमोकार ऐकवा, चारा द्या." खोटं कशाला सांगू, मलाही ते पटलं. रक्त काढणं हा शब्दच आपल्या कानांना नको वाटतो. आणि त्यावर डॉक्टरताईंनी आणखी एक मागणी केली. हंसाबरोबर बादलचंही रक्त हवं. तो धडधाकट आहे, त्याला का टोचायचं? मी सरळ नाही म्हटलं.

शिवाय आहाराचा घोळ होताच. डॉक्टरांनी गूळ, हरभरे, वाढी, पोळी, सगळं तोडलं होतं. बादलला खुराक मिळाला की हंसा मान लांब करून खिंकाळायची. तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात अहिंसाणुव्रताचे पाच अतिचार सांगितलेत, ते आपण सगळ्या पाठ म्हणतो: बंध, वध, छेद, अतिभारारोपण आणि अन्नपाननिरोध. बांधून ठेवली, तो बंध. सुई टोचली, तो छेद. खाणं रोखलं, तो अन्नपाननिरोध. पाचांतले तीन मी एका आठवड्यात करणार होते.

त्या दिवसांत शेजारच्या गावी एक आर्यिका माताजी विराजमान होत्या. मी गेले, वंदामि केलं आणि सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, पोराला जुलाब होत असताना आई श्रीखंड देत नाही, तो काय अन्ननिरोध होतो? काट्याने काटा काढणारा पाय टोचत नाही का? हिंसेच्या मुळाशी प्रमाद असतो. कोणत्या भावाने करतेस आणि किती जपून करतेस ते बघ. आणि जाणून घेण्याची सोय असताना न जाणता राहणं, हाही प्रमादच.

मी उठायला लागले तेव्हा त्यांनी विचारलं, "गूळ दिलास तो तिला हवा होता म्हणून, की तुला द्यायचा होता म्हणून?"

याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. मी प्रायश्चित्त मागितलं. पुढच्या अक्षय तृतीयेपर्यंत गुळाचा त्याग, एवढंच त्यांनी दिलं.

आता रक्ताच्या चाचण्यांकडे येते. मी वहीत जे लिहून ठेवलं ते तुम्हाला घरातल्या भाषेत सांगते.

पहिल्या दिवशीच डॉक्टरताईंनी साधं रक्त तपासलं होतं. पेशी, यकृत, मूत्रपिंड, साखर. शिवाय काचेवर थेंब पसरून सर्रा आहे का तेही पाहिलं. सर्रा हा घोडमाश्यांमुळे पसरणारा रोग, आपल्याकडे घोडा खंगला की आधी तो नाही ना हे बघावं लागतं. तो नव्हता. पण एसीटीएचचं रक्त त्यांनी त्या दिवशी घेतलं नाही. कारण वेदना, भीती, प्रवास, दमणूक, यांपैकी काहीही असलं की निरोगी घोड्याचंही एसीटीएच चढतं. दुखण्यात घेतलेलं रक्त दुखण्याचीच बातमी देतं. म्हणून आम्ही जूनपर्यंत थांबलो, हंसा पाय टेकून उभी राहू लागेपर्यंत.

त्या सकाळी तिला फक्त सुकं गवत दिलं होतं, दाणा नाही. जांभळ्या टोपणाच्या, म्हणजे ईडीटीएच्या नळीत रक्त घेतलं आणि लगेच बर्फाच्या डब्यात ठेवलं. हे संप्रेरक उष्णतेत पटकन मोडतं, म्हणून काही तासांतच नळी यंत्रात फिरवून वरचा पिवळसर द्रव वेगळा करायचा आणि तो थंडच पाठवायचा. माझा जीव खालीवर होत होता, पण हंसाने कानसुद्धा हलवला नाही. डॉक्टरताई म्हणाल्या, "काकू, हिच्या अंगात पंचवीस लिटरच्या आसपास रक्त असेल. आपण दोन चमचे घेतलं." बादलचंही घेतलं. माताजींकडून आल्यावर मी स्वतःच त्याचा दोर धरला होता.

रिपोर्ट माझ्या मोबाइलवर आला. हंसाचं एसीटीएच 58. शेजारच्या रकान्यात योग्य मर्यादा छापलेली: 7.2 ते 63.3. मी आनंदाने मंडळाच्या ग्रुपवर टाकलं, "हंसाचा रिपोर्ट नॉर्मल!" हात जोडलेल्या चाळीस चित्रांचा पाऊस पडला.

संध्याकाळी डॉक्टरताईंचा फोन. "काकू, ती मर्यादा कुणाची आहे ते वाचलंत का?"

ती माणसाची होती. तपासणी केंद्र माणसांचं, यंत्र माणसांच्या रक्ताचं, आणि रकान्यातला आकडाही माणसाचाच. नळीवर घोडीचं नाव होतं, पण छापणाऱ्या यंत्राला त्याचं काय? घोड्याचा हिशेब वेगळा. नोव्हेंबरच्या मध्यापासून जुलैच्या मध्यापर्यंत 15 पिकोग्रॅमच्या खाली असेल तर हा आजार बहुधा नाही. 40 च्या वर असेल तर बहुधा आहे. मधला पट्टा संशयाचा. तिथे टीआरएच नावाचं इंजेक्शन देऊन बरोबर दहा मिनिटांनी पुन्हा रक्त घेतात, कारण रोगट ग्रंथी त्या डिवचण्याने उसळते. हंसाला त्याची गरज पडली नाही. तिच्या अंगावरचे केस, पाठ, पाणी, खूर आणि हा 58, सगळे एकच गोष्ट सांगत होते.

मी विचारलं, "नळी वाटेत तापली असेल, म्हणून आकडा चढला असेल का?" त्या म्हणाल्या, उलट. नमुना बिघडला की आकडा उतरतो. मला हे फार महत्त्वाचं वाटलं. चूक झाली असेल, एवढं म्हणून भागत नाही. चूक कोणत्या दिशेला नेते तेही बघावं लागतं. दुखण्यात रक्त घेतलं असतं तर आकडा फुगला असता. उन्हात ठेवलं असतं तर घटला असता.

आणि बादल? त्याचा आकडा 19 आला. म्हणजे तेच यंत्र, तोच दिवस, तोच बर्फाचा डबा, आणि ज्याच्यात एकही खूण नाही त्या घोड्याचा आकडा हंसाच्या एक तृतीयांश. नुसत्या 19 वर कुणी काही ठरवलं नसतं, तोही मधल्या पट्ट्यातलाच. पण ज्या यंत्रावर घोड्यांची सवय नव्हती, त्या यंत्राला बादलने माप लावून दिलं. त्याच्या त्या एका टोचणीने हंसाच्या रिपोर्टला अर्थ आला. मी त्याला मनातल्या मनात क्षमा मागितली आणि उत्तम सुकं गवत घातलं.

दुसरा आकडा इन्सुलिनचा. हंसाची साखर ठीक होती, इन्सुलिन मात्र चढलेलं. आपल्या घराघरांत मधुमेह आहे, म्हणून हे चटकन कळेल. साखर जागेवर ठेवण्यासाठी शरीर दुप्पट-तिप्पट राबत होतं, म्हणून साखरेचा आकडा शहाण्यासारखा दिसत होता. घोड्यात हे वाढलेलं इन्सुलिनच खुरांच्या मुळावर उठतं. सगळ्याच कुशिंगच्या घोड्यांत ते वाढलेलं नसतं, पण ज्यांच्यात असतं त्यांचे पाय धोक्यात. माझ्या गुळाने काय केलं ते मला त्या ओळीत कळलं.

औषधाचं नाव परगोलाइड. ते डोपामिनची जागा घेतं. पूर्वी माणसांच्या कंपवातासाठी वापरत असत. मिळायला वेळ लागला. मूळ रसायन राईच्या कणसावरच्या बुरशीतलं, हे कळल्यावर मंडळात कुजबुज झाली. मी म्हटलं, नियम आपण घेतलेत, हंसाने नाहीत. आपल्याकडे चार दानांत औषधदान आहे, आणि औषध कुठलं लागेल हे कळायला लागणारी तपासणी मी त्यातच धरते. गोळी कुटायची नाही, तिची पूड उडू द्यायची नाही, आणि गर्भार बाईने तर हात लावायचा नाही. मामांची सून तेव्हा पोटुशी होती, म्हणून गोळीचा डबा माझ्याकडे ठेवला आणि रोज सकाळी मी जाऊ लागले.

मात्रा वजनावरून ठरते. घोडी काट्यावर कशी चढवायची? डॉक्टरताईंनी सोपा हिशेब दिला. शिंप्याच्या टेपने छातीचा घेर घ्यायचा, मग खांद्याच्या टोकापासून ढुंगणाच्या टोकापर्यंत लांबी. दोन्ही सेंटीमीटरमध्ये. घेर गुणिले घेर गुणिले लांबी, भागिले 11,880, की अंदाजे किलो मिळतात. हंसाचा घेर 162, लांबी 150. वजन आलं 331 किलो. दिवसाला वजनाच्या दीड ते दोन टक्के सुकं गवत, म्हणजे पाच ते साडेसहा किलो, आणि तेही आधी पाण्यात भिजवून, पाणी फेकून, म्हणजे त्यातली साखर थोडी उतरते.

ऑगस्टच्या शेवटी पुन्हा रक्त घेतलं. 46. मी खट्टू झाले. दोन महिने औषध, आणि उतरलं फक्त बारा?

डॉक्टरताईंनी मला ऋतूंचा धडा दिला. दिवस लहान होऊ लागले की सगळ्याच घोड्यांचं एसीटीएच आपोआप चढतं. जुलैच्या मध्यापासून नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत, आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात सर्वांत जास्त. थंडीचे केस आणि चरबी जमवायची ही शरीराची तयारी. म्हणून या महिन्यांसाठी मर्यादाही वरच्या धरतात. ते तक्ते थंड मुलुखांत तयार झालेले, जिथे उन्हाळ्यातला आणि हिवाळ्यातला दिवस यांत आठ तासांचा फरक पडतो. आपल्या कृष्णाकाठी तो जेमतेम दोन तासांचा. तेव्हा इथे किती चढेल याचं छापील उत्तर शोधत बसू नये. त्याच केंद्रात, त्याच पद्धतीने रक्त द्यावं, आणि या ऑगस्टची तुलना पुढच्या ऑगस्टशी करावी. "आणि काकू," त्या म्हणाल्या, "चढायच्या दिवसांत उतरलंय, ते बघा की."

मी घोडीकडे पाहिलं. खांद्यावरचे केस पुंजक्या-पुंजक्यांनी गळून खालची पांढरी कातडी चमकत होती. पाण्याची बादली सकाळी अर्धी शिल्लक राहत होती. पण सुरुवातीला गोळीने तिची भूक गेली होती, तीन दिवस तिने गवताला तोंड लावलं नव्हतं, आणि मात्रा कमी करून हळूहळू वाढवावी लागली होती. ते दिवसही वहीत आहेत. जानेवारीत पुन्हा तपासलं तेव्हा 31 आला.

हंसा बरी झालेली नाही. हा आजार जात नाही. औषध जन्मभर, रक्त वर्षातून दोनदा. थंडीत ती एकदा पुन्हा लंगडली होती. खुरांना दर पाच-सहा आठवड्यांनी नालबंद लागतो. किती दिवस चालेल ते तिच्या आयुकर्माचा हिशेब, तो माझ्या वहीत नाही.

पांजरपोळाच्या दाराशी आता पाटी लावली आहे: "घोड्यांना गूळ, हरभरे, पोळी, ऊस देऊ नये. सुक्या गवताची पावती करावी." पाटी लागल्यावर दोन घरांनी यायचं सोडलं. पावती फाडण्यात हात चाटला जात नाही, हे मला कळतं. मीही त्याच चाटण्यासाठी जात होते.

यंदाच्या अक्षय तृतीयेला बस्तीतून निघून मी आधी तिच्याकडे गेले. भिजवून निथळलेलं गवत पुढे टाकलं. तिने आधी माझे दोन्ही हात हुंगले, पदर हुंगला, काहीतरी लपवलंय का ते पाहिलं. मग खाली मान घालून गवत चघळू लागली. बारा वाजता घरी येऊन मी रसाचा पेला घेतला.